एकतीस फूट

स्टीलच्या झाकणावर ठेवलेला फोन खडखडला आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी फोन उचलून गच्चीवर आले. मागोमाग मयुरा आलीच. पाच वर्षांची आहे, पण बाबांचा फोन तिला झोपेतही कळतो.

"रांगोळी घेतली?" गोव्याहून धम्मानंद विचारत होता.

"घेतली. टेपबी घेतला. सांगा."

पावसाळा संपेपर्यंत हा माणूस कामठी रोडवरच्या शेडमध्ये कुलरच्या फायबर बॉड्या करायचा. काचतंतूंची चटई, वर रेझिन, पुन्हा चटई. ऑफ-सीझनला चार महिने म्हणून तो बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात गेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं शिडाच्या एका फ्रेंच बोटीचं ठिगळ बिघडवलं. नागपूरच्या उन्हात रेझिन भराभर आवळतं, म्हणून आमच्याकडचे कारागीर हार्डनर हात राखूनच टाकतात. समुद्राकाठच्या ओल्या हवेतही त्यानं तसंच टाकलं. ठिगळ दोन दिवस गुळासारखं चिकट राहिलं, सगळं खरवडावं लागलं. "मले हाकलते आता," म्हणून फोनवर रडला होता. हाकललं कुणी नाही. आता त्या बोटीचं अख्खं डेक त्याच्याकडं होतं.

बोट केवढी, हे मयुराला बघायचं होतं. म्हणून ही रांगोळी.

"लांबी एकतीस फूट," तो म्हणाला.

"गच्ची तीसच हाय."

"मंग कोनातून काढ नं वं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. नाक टोकदार काढ; खरं तं ते सरळ उभं हाय, तिरपं नाई. म्हंजे अख्खी लांबी पाण्यात राह्यते, पयते कशी! मागं रुंद कर. आनखी रुंद. दहा फूट."

फोन स्पीकरवर ठेवून मी वाकून रेघ ओढत होते. तो बोलतच होता. खाली सहा फुटांचं लोखंडी पातं, वारा बोटीला आडवं पाडायला बघतो तेव्हा तेच तिला उभं धरतं. डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधात बाल्साचं लाकूड, "ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्यावानी हलकं". पुढं तिकोनी बिछाना, मधात टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, मागं सुकाणूचा लांब दांडा. शर्यतीतही धावते आणि संध्याकाळी तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोप.

"चूल बोटीच्या भिंतीले चिकटवून काढली," मी सांगितलं.

"चिकटवू नको. दोन खुंट्यांवर टांगली राह्यते. बोट कलली तरी चहा सांडत नाई."

सासूबाई गुडघे धरत वर आल्या होत्या. "चूल झुलते? सैपाक करून राह्यले का पोरगं निजवून राह्यले?"

तिकडून तो खळखळून हसला. मग आवाज बारीक करून म्हणाला,

"मोनाली, यार्डाचा मालक म्हनते, कायमचा राह्य. आज सांगा लागते. तिकडून शेडचे भैय्याजीबी फोनवर फोन करून राह्यले, कुलरचा सीझन लागला म्हनते. तू म्हन. तू 'या' म्हनशील तं रातची गाडी पकडतो."

आम्ही तिघींनी तिकडं जाण्याचं बोलणं दिवाळीतच होऊन मिटलं होतं. लॅबमध्ये मला आत्ता कुठं नोकरीत पक्कं केलंय. आणि सासूबाईंचं एकच उत्तर, "दीक्षाभूमीच्या गावातून मी हालत नाई."

'या' हा शब्द माझ्या ओठांवर होता. चार महिने होता. रोज त्याची उशी उन्हात टाकताना होता. पण आठ वर्षांत हा माणूस कुलरबद्दल असं कधी बोलला नव्हता. कुलर झाला की त्यावर थाप मारायचा आणि पुढच्याकडं वळायचा.

"राहा," मी म्हणाले.

"खरंच?" त्यानं आनंद दाबला, तो मला ऐकू आला. "आन तुमी?"

"आमी हावोत नं इथं."

तो यार्डात सांगायला पळाला. फोन ठेवायचंही भान नव्हतं. मीच बंद केला.

मयुरानं तो माझ्या हातातून घेतला आणि जपून, एकही रेघ न पुसता, सुकाणूच्या दांड्यापाशी नेऊन ठेवला. "हे बाबा." आजीला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः पुढच्या तिकोनी बिछान्यावर आडवी झाली, डोळे मिटले. थोड्या वेळानं एक डोळा उघडून तिनं सगळ्यांना मोजलं आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"आई, तू बाहेर काहून उभी हायेस?"