मधल्या फळीवरचं खोकं

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझ्या पोटात खाण्यासारखं काहीही नाही. मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत, वजनकाट्याच्या शेजारी मी उभा असतो. माझ्यात फक्त लसी ठेवतात. मला पाहिलं की तुमच्याएवढी मुलं आईच्या मागे लपतात. इतक्या वर्षांत माझं दार उघडल्यावर एकही मूल हसलेलं मला आठवत नाही.

कारखान्यात आम्ही चाळीस भावंडं एका रांगेत तयार झालो. बाकीची घराघरांत गेली, दूध आणि भाज्या सांभाळत सुखानं म्हातारी झाली असतील. माझ्या नशिबी शिस्त आली. दोन अंशांच्या खाली उतरायचं नाही, आठाच्या वर चढायचं नाही. लस गोठली तरी वाया, तापली तरी वाया. सकाळ-संध्याकाळ सिस्टर माझं तापमान बघायच्या आणि दारावरच्या तक्त्यावर लिहायच्या. एकदा कम्पाउंडरनं पाण्याची बाटली माझ्यात घुसडली, तेव्हा त्याला त्यांनी असं फैलावर घेतलं की बिचारा आठवडाभर कोमट पाणी पीत होता. "आमचा म्हातारा कधी दगा देत नाही," असं म्हणत त्या माझ्या दारावर थाप मारायच्या. त्या थापेसाठी मी जीव तोडून काम केलं.

सिस्टरांची मुलगी चार वर्षांची होती. एका जागी टिकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळा सुटली की ती थेट दवाखान्यात यायची, वजनकाट्यावर उभी राहायची आणि स्वतःचं वजन ओरडून जाहीर करायची, तेही चुकीचं. माझी भीती तिला कधी वाटली नाही. माझ्या बाजूला गरम हवा येते, तिथं पाठ टेकून ती चित्रं रंगवायची. ती बसली की मी आवाज कमी करायचा प्रयत्न करायचो, पण ते काही माझ्या हातात नव्हतं.

फ्लूची लस दरवर्षी थंडीच्या आधी येते. एका खोक्यात एका मुलापुरती, सिरिंजमध्ये भरलेलीच. त्या वर्षी पहिला माल आला, तसं सिस्टरांनी एक खोकं बाजूला काढलं, त्यावर चिकटपट्टी लावून 'भिंगरी' असं लिहिलं आणि माझ्या मधल्या फळीवर ठेवलं.

पण घरी एकमत होत नव्हतं. भिंगरीचे वडील छापखान्यात कामाला होते. माणूस मायाळू, पण त्यांच्या मनानं एक गोष्ट घेतली होती. आदल्या वर्षी त्यांच्या पुतण्याला ही लस दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. एकदा ते लेकीला न्यायला आले, तेव्हा माझ्यासमोरच नवरा-बायकोची जुंपली.

"आधी सुई टोचून ताप आणायचा, आणि वर म्हणायचं ताप येऊ नये म्हणून टोचली. हे कुठलं शहाणपण?"

"अहो, एखादा दिवस कणकण येते, हात दुखतो. तो फ्लू नसतो."

"सर्दी-खोकलाच ना शेवटी? आम्ही नाही काढला लहानपणी?"

"सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. डॉक्टरीणबाईंना विचारा हवं तर."

"त्या काय नको म्हणणार आहेत? पोरगी ठणठणीत आहे. बघू पुढच्या महिन्यात."

सिस्टरांनी भिंगरीचं दप्तर नवऱ्याच्या हातात दिलं. याच सिस्टर दिवसभर लोकांच्या आयांना, आजोबांना, मावश्यांना न कंटाळता समजावत. कुणी "बघू" म्हटलं की त्याला खुर्चीवरून उठू देत नसत. नवऱ्याच्या एका "बघू"पुढे मात्र त्यांनी माघार घेतली. घरात वाद नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांचा आजही राग येतो.

पुढे साथ सुरू झाली आणि दवाखाना तुडुंब भरू लागला. माल संपला. दम्याच्या मुलाला घेऊन एक आई आली आणि हात जोडू लागली. सिस्टरांनी खोक्यावरची पट्टी सोलली, माझ्या फळीला चिकटवली आणि लस त्या मुलाला दिली. "आमचं काय, घरचंच आहे. नव्या मालातून घेऊ," त्या म्हणाल्या. नवा माल आला, पट्टी नव्या खोक्यावर गेली. आठवड्यानं तेही खोकं दुसऱ्याच बाळाला गेलं. दिलदार बाई, असं सगळे म्हणाले. दुसऱ्यांना द्यायला सिस्टरांना कुणाला विचारावं लागत नव्हतं, म्हणून ते सोपं होतं.

पहिला माल आल्यापासून पाचव्या आठवड्यात भिंगरीच्या वर्गातली निम्मी मुलं आजारी पडली. वडील घाबरले. "तुला कळतं त्यातलं. आजच टोचून टाक," असं ते स्वतः फोनवर म्हणाले. तिसरं खोकं माझ्या मधल्या फळीवर तयार होतं, अगदी पाच अंशांवर. दुपारी भिंगरी आली ती आईच्या खांद्यावर मान टाकून. अंग भाजत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. "आता नको लस. एवढ्या तापात द्यायची नाही, आणि दिली तरी अंगी लागायला दोन आठवडे जातात. आधी आजार निस्तरू," त्या म्हणाल्या आणि औषध लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी भिंगरीला धाप लागली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तर न्यूमोनिया निघाला. नवव्या दिवशी ती गेली.

नंतर एकदा तिचे वडील आले. वजनकाट्याकडे न बघता उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "पहिल्याच आठवड्यात दिली असती तर?"

"फ्लू झालाच नसता, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इतका बळावण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली असती."

ते मान हलवून निघून गेले. ते तिसरं खोकं डॉक्टरीणबाईंनी स्वतः उघडलं आणि दुसऱ्या एका मुलीला लस दिली. ते बरोबरच होतं, पण मला बघवलं नाही.

मित्रांनो, मी थकलोय. माझी रबरी कड सैल झाली आहे, काचेच्या दाराचा नवा फ्रिज येणार म्हणे. माझं कौतुक केलं नाही तरी चालेल. पण मी कितीही जपून ठेवलं तरी खोक्यातली लस आपल्या पायांनी तुमच्यापर्यंत चालत येत नाही, आणि ठरवणारे तुम्ही नसता, मोठे असतात. त्यांना शंका असतील तर डॉक्टरांना विचारू द्या, वाद घालायचा तर घालू द्या, पण थंडी पडायच्या आत. त्यांच्या मागे लागा. मी सांगून कोण ऐकणार?

परवाच एक गृहस्थ जुळ्या मुलींना घेऊन आले. बराच वेळ चुळबुळ करून त्यांनी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा, तुमच्या मुलीला दिलीत का ही?"

"नाही दिली," सिस्टर म्हणाल्या. "बघू, बघू म्हणत राहिलो."

"मग? काही बिघडलं का?" गृहस्थांना हायसं वाटलेलं दिसलं. "केवढी आहे ती आता?"

"चारच वर्षांची," सिस्टर म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, चारच वर्षांची आहे."

गृहस्थांनी मुलींच्या बाह्या वर केल्या.