दीपमालाच्या वाट्याचं उत्तर

एम.एस्सी. झाल्या झाल्या मी नागपूरच्या ज्या संस्थेत लागले, ती जिल्ह्यातल्या शाळांसाठी विज्ञानाची पूरक पुस्तकं तयार करते. सहावीचा 'हवेतलं पाणी' हा पाठ माझ्याकडे आला. मी त्यात प्रयोग आधी ठेवला. स्टीलच्या ग्लासात बर्फाचं पाणी ओतायचं, बाहेरून थेंब धरतात ते पाहायचं, ते आले कुठून यावर मुलांनी वाद घालायचा, आणि 'संघनन' हा शब्द अगदी शेवटी.

आमचे प्रमुख श्रीधर सर यांना व्याख्या पहिल्या ओळीत हवी होती. शिक्षण खात्याची दर काही वर्षांनी येणारी नवी पद्धत त्यांनी पाहिली होती: आधी उद्दिष्टं, मग किमान क्षमता, मग ज्ञानरचनावाद, आणि आता अध्ययन निष्पत्ती. "प्रत्येक वेळी प्रशिक्षणाला मी गेलो," ते म्हणायचे, "चहा मात्र तसाच राहते." दोन महिने वाद घालून शेवटी ठरलं की कुही तालुक्यातल्या एका शाळेत पाठ घेऊन बघायचा. मुलं स्वतः विचार करून उत्तरापर्यंत पोचली तर माझा क्रम राहील. नाही तर व्याख्या वर.

पाठ आणि शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका मी आधीच पाठवली होती. मार्गदर्शिका लिहायला मला पाठापेक्षा जास्त वेळ लागला होता. मुलं कोणत्या चुकीच्या कल्पना घेऊन वर्गात येतात यावरचे शोधनिबंध वाचून, 'मुले साधारणपणे अशी उत्तरे देतील' या मथळ्याखाली मी तीन उत्तरं दिली होती.

एप्रिल असल्यामुळे शाळा सकाळची होती. नागपूरहून डब्यात नेलेला बर्फ एसटीतच वितळला. थेंब नीट धरतील की नाही याची मला धाकधूक होती. सहावीच्या शिक्षिका शोभाताई म्हणाल्या, "होते मॅडम. तुम्ही बसा निवांत."

मी मागच्या बाकावर बसले. शोभाताईंनी ग्लासात पाणी ओतलं, जरा थांबल्या आणि विचारलं, "सांगा, ग्लासावर थेंब कुठून आले?"

हात भराभर वर झाले. हर्षित नावाचा मुलगा म्हणाला, "ग्लासाला घाम आला." दुसरा म्हणाला, "ओतताना पाणी सांडलं." खिडकीजवळची एक मुलगी उठायला तयार नव्हती. "बोल नं वं दीपमाला," शोभाताई म्हणाल्या. ती खाली बघत म्हणाली, "ग्लासातलं पाणी झिरपून बाहेर आलं."

माझी तिन्ही उत्तरं, त्याच क्रमानं. निबंधातली मुलं आणि कुहीची मुलं सारखाच विचार करतात, या आनंदात मी लिहीत राहिले. मग पहिल्या बाकावरून एक मुलगी उठली आणि तिघांना खोडून काढत म्हणाली, "हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर आल्याने त्याचे थेंब झाले." टाळ्या वाजल्या.

मी पुढे गेले आणि ग्लासाला हात लावला. तो कोरडा होता. पाण्यात तापमापी धरली तर चौदा अंश. एप्रिलच्या इतक्या कोरड्या हवेत थेंब धरायला पाणी त्याहून बरंच थंड लागतं. एकही थेंब आला नव्हता, आणि सगळा वर्ग थेंबांवर वाद घालून मोकळा झाला होता.

मधल्या सुट्टीत दीपमाला ओसरीवर एकटीच बसली होती. मी शेजारी टेकले.

"झिरपतं असं का वाटलं तुला?"

"मले नाई वाटलं. बाईनं मले ते देल्लं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले बरोबरवालं पण येते मॅडम. पुरं पाठ आहे. पण दरवेळी चुकीचं मलेच देतेत."

"थेंब आले होते का आज?"

"नाई."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

मला एवढी साधी गोष्टही कळत नाही, अशा नजरेनं ती माझ्याकडे पाहू लागली.

"ते माह्यं नोहतं नं सांगाचं."

शोभाताईंनी काही लपवलं नाही. टेबलावर मुरमुऱ्याचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "मागं तपासणीले एक साहेब आले होते. म्हणे, तुमची पोरं चुकत काहून नाहीत, म्हणजे तुम्ही पाठ करून घेता. आता तुमचं पुस्तक आलं. त्यात लिवलं, पोरं ह्या तीन चुका करतील. मले वाटलं, नाही केल्या तर पाठ नापास. म्हणून वाटून देल्ल्या."

"पण ग्लास कोरडा होता, शोभाताई."

"हाव, पाह्यला मी. तुम्ही एवढ्या उन्हाच्या आल्या, म्हटलं कशाले हिरमोड करा." त्या हसल्या, मग हसणं आवरलं. "पाचवी-सहावीची मिळून सत्तावन्न पोरं आहेत माझ्याकडे. स्वतः शोधा म्हटलं तर कोणी दिवाळीपर्यंत शोधत राहीन. हे तिकडे नका सांगू."

"तुमचं नाव नाही घेणार," मी म्हणाले.

दुपारी ऑफिसात कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. श्रीधर सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पोचली का मुलं उत्तरापर्यंत?"

हो म्हटलं असतं तर क्रम राहिला असता. वर्गात ते वाक्य बोललं गेलंच होतं, आणि माझ्याकडे ते लिहून घेतलेलं होतं. उत्तर द्यायला मी जरा जास्तच वेळ घेतला, तेव्हा सरांनी चष्मा परत लावला.

"पोचायची गरजच पडली नाही," मी म्हणाले. "मी मार्गदर्शिकेत चुका लिहिल्या होत्या. त्या पाठ झाल्या. थेंब तर आलेच नाहीत."

सर जिंकल्यासारखे दिसले नाहीत. "जुलैत घे परत. दमट हवेत थेंब धरतेच."

"थेंब धरतील. चुका पुन्हा वाटल्याच जातील."

"मग तो भाग काढ. कोरी जागा सोड."

"कोरी जागा दिसली की शिक्षक फोन करतील, इथे काय लिहायचं?"

"करतीलच. शाळेत शिकवत होतो तेव्हा मी पण केले आहेत असे फोन. व्याख्या वर घे, अदिती. छपाईची तारीख गेली तर पुस्तकच जाणार नाही."

मी वाद घातला नाही. संगणकावर शेवटचा परिच्छेद उचलून पहिल्या जागी ठेवला. मार्गदर्शिकेतली तीन उत्तरं पुसली. पानाचा अर्धा भाग मोकळा झाला, तिथे सरांनी पाच प्रश्न टाकायला सांगितले. मी ते टाकले. पहिला प्रश्न, संघनन म्हणजे काय?

याचं उत्तर एकच आहे. जूनमध्ये पुस्तक शाळेत गेलं की हे वाक्य सहावीत सगळ्यांना सारखंच मिळेल. दीपमाला तेव्हा सातवीत गेलेली असेल, आणि सातवीच्या पुस्तकाची मार्गदर्शिका मला अजून लिहायची होती.