गाजराची चकती

पेढ्याने मान पुढे ताणली, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. घशातून आवाज म्हणून निघेना. हनुवटी लाळेने ओली झाली, पोट भात्यासारखं हलायला लागलं. आनंदीबाईंच्या हातातलं अर्धं गाजर खाली पडलं.

पेढा म्हणजे त्यांच्या नातीचा, इशिताचा गिनीपिग. रंगाने खरपूस, म्हणून पेढा. तो घरात आला तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या होत्या, "उंदीरच तो. शेपटी तेवढी घराक इसारलो." पण पुढे तो त्यांची पावलं ओळखून शीळ घालायला लागला आणि बाई विरघळल्या. त्याला खायला मात्र सुनेनेच द्यायचं, असा घरचा कायदा होता. शुभदा गाजराच्या बारीक काड्या करायची. सासूला तिने आपल्या स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगून ठेवलं होतं, "आई, तुम्ही नका देऊ त्याला काही. तुमचे तुकडे मोठे असतात."

अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म घालवून अर्ध्या गावाची पोरं भरवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं! आणि ते 'आई, तुम्ही' तर लग्नापासूनचंच. नवऱ्याशी, लेकीशी, मासेवालीशी शुभदा मालवणीत बोलायची. सासूशी मात्र कचेरीतल्या साहेबाशी बोलावं तसं. बोलण्यात उणं काढायला जागा नव्हती, आणि आनंदीबाईंना तेच टोचायचं.

आज इशिता शाळेत, मुलगा फिरतीवर, शुभदा कुडाळला ऑफिसात. पेढा पिंजऱ्याच्या दाराशी शीळ घालत होता. मागणाऱ्याच्या पुढ्यात काड्या काय ठेवायच्या, म्हणून आनंदीबाईंनी चांगली जाडजूड चकती कापून दिली होती.

अंगणवाडीत पोराच्या घशात चणा अडकला की पालथं घालून पाठीत धपाटा, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. हात वर गेलाच. पण पाठ ती केवढीशी! एका तळहाताखाली अख्खा पेढा झाकला असता. हात वरच्या वर राहिला.

त्यांनी फोन उचलला. हा फोन केला की या घरात आपल्या हातचं कुणाला भरवायची सोय उरणार नाही, इशितालासुद्धा नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरी त्यांनी केला.

"हॅलो, आई? मी जरा कामात आहे."

"शुभदा, पेढ्याच्या घशात गाजर अडाकला. मियाच दिलंय."

पलीकडे खुर्ची सरकली. "आये! श्वास घेता मां?"

"थोडो थोडो."

"पाणी घालू नको हां. पाठीर मारू नको. टॉवेलात गुंडाळ तेका, उजेडाक धर आणि तोंडात बघ. काय दिसता?"

आनंदीबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. बाळंतिणीच्या पोराला गुंडाळावं तसं पेढ्याला गुंडाळलं. "केशरी कायतरी आसा. दातांच्या मागे."

"दिसता मां? मग काटो काढूच्या चिमट्यान काढ. बोट आत घालू नको, तुकडो आणखी आत जायत. डोक्या जरा खाली धर. हळू, आये. हळू."

पहिल्यांदा चिमटा निसटला. दुसऱ्यांदा लाळेने बुळबुळीत झालेला तुकडा बाहेर आला. पेढा शिंकला, पुन्हा शिंकला आणि त्याने टॉवेलातच धडपड सुरू केली.

"इला गो! भायर इला!"

दोन्हीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"रडतंस कित्या?" आनंदीबाईंनी विचारलं.

"तू पण रडतंस मां. आता तेका डॉक्टराकडे ने, आत काय रवला तर? मिया येतंय."

कणकवलीतले जनावरांचे डॉक्टर कुणाच्या तरी म्हशीकडे गेले होते. ते येईपर्यंत शुभदाही धापा टाकत पोचली. डॉक्टरांनी पेढ्याची छाती तपासली, बॅटरी लावून तोंड पाहिलं. "घसो मोकळो आसा. पण दाढा वाढल्यात. चावूक येणा नाय, म्हणून गिळता. ह्येका गवत कोण घालता?"

"मी," शुभदा म्हणाली आणि खाली बघायला लागली. गवत आणायचा कंटाळा आला की ती पिशवीतले दाणे ओतायची.

"सुका गवत दिवसभर व्हया. तेनाच दाढा झिजतत. आणि चकती कोणी दिली?"

आनंदीबाईंनी तोंड उघडलं, पण शुभदाच आधी बोलली, "आमच्याच हातान झाला, डॉक्टर."

संध्याकाळी आनंदीबाईंनी इशिताला सगळं खरं सांगितलं. पोर रुसली, जेवताना लांब बसली आणि झोपताना आपणहून आजीच्या कुशीत आली.

सकाळी मात्र आनंदीबाई सुनेच्या वाटेत आल्याच नाहीत. काल घाबरून तिच्या तोंडातून 'आये' गेलं असेल, आज पुन्हा 'आई, तुम्ही' सुरू होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. शुभदाने पिंजऱ्यात गवत भरलं, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि परत आली. भाजी कापायचा पाट, सुरी आणि गाजर तिने सासूच्या पुढ्यात ठेवलं.

"आये, माका उशीर झालो. पेढ्याचा तूच काप."

आनंदीबाईंनी सुरी हातात घेतली. "केवढा कापू?" त्यांनी विचारलं.

"तुका म्हायत आसा."

शुभदा गेली. पेढा शिट्यांवर शिट्या मारत होता. "थांब रे मेल्या," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी एक काडी कापली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, आणि पुन्हा पाटावर ठेवून तिच्या दोन केल्या.