झोपी गेली

मास्तरांच्या घरात कधी कुणी मरत नसे. आजोबा झोपी गेले, थोरली आत्या झोपी गेली, पाठचा भाऊ सहाव्या वर्षी झोपी गेला. प्रार्थनेत, पत्रांत, थडग्यावरच्या दगडावर, सगळीकडे हाच शब्द. सत्तर वर्षं तोंडात घोळून तो इतका गुळगुळीत झाला होता, की त्याला धारही असू शकते हे मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हतं.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या क्रेनवाल्याची बायको तापाने गेली, आणि तिच्या सात वर्षांच्या मुलीने, भिंगरीने, जिन्यात गाठून विचारलं, की आईला मातीत का ठेवलं, तेव्हा मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "झोपली आहे ती, बाळ. एक दिवस प्रभू येशू तिला हाक मारेल, आणि ती उठेल."

मुलीने लगेच मान डोलावली. मूल इतक्या पटकन मान डोलावतं तेव्हा त्याने भलतंच काहीतरी घेतलेलं असतं, हे चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

त्यानंतर बाराव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, क्रेनवाल्याच्या कामावरचा, यार्डातला झेंडेवाला मास्तरांच्या दारात उभा राहिला. क्रेन बोजा उचलते तेव्हा खाली उभं राहून वर-खाली, डावी-उजवी दिशा झेंड्याने दाखवायची, हे त्याचं काम. एरवी हा गडी थट्टेशिवाय बोलायचा नाही. आज खुर्ची दिली तरी बसला नाही.

काल रात्रपाळीत लोखंडी तुळई त्याच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेली होती. त्याने वर पाहिलं, तर केबिनमध्ये क्रेनवाल्याची मान छातीवर पडलेली. मुकादमाला त्याने काही सांगितलं नव्हतं. पण आज संध्याकाळी सहाला बॉयलरचं पिंप उचलायचं होतं, चाळीस टनांचं, आणि खाली सहा माणसं असणार होती.

"मला घरी पाठवायला खोकंसुद्धा लागायचं नाही मास्तर, पाकिटात बसेन," तो म्हणाला, पण हसला नाही. "पोरगी झोपू देत नाही म्हणतो. तिच्या डोक्यात कुणी काय भरलं, ते खालच्या मास्तरांना विचार म्हणतो."

मास्तर चपला न घालताच उठले. ते तसेच जिना चढले.

खोलीत भरदुपारी अंधार होता. दिवसा झोपता यावं म्हणून क्रेनवाल्याने खिडकीला पुठ्ठे ठोकले होते. कॉटवर तो उताणा पडला होता, डोळे उघडे, लाल. उशाशी स्टुलावर भिंगरी बसली होती, पाठ ताठ, हातात उघडलेली सेफ्टी पिन. बापाच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल टिपके होते. काही जुने, काही ताजे.

"या मास्तर," तो म्हणाला. "तुमची शिष्या पहारा देतेय."

मग तुटक तुटक त्याने सगळं सांगितलं. डोळा लागला की पिन. रागावून झालं, बहिणीकडे पाठवून झालं, तर पोर तासाभरात एकटी चालत परत आली. एकदा बाहेर काढून कडी लावली, तर रक्त येईपर्यंत दारावर डोकं आपटत राहिली. झोपलेल्या माणसाला मातीत ठेवतात, एवढं तिला पक्कं कळलं होतं. आणि बारा दिवस झाले तरी आईला कुणी हाक मारली नव्हती.

"तुमचं खरं का खोटं, मला समजत नाही," क्रेनवाला म्हणाला. "मला पाच वाजेपर्यंत झोप पाहिजे. काढा ते तिच्या डोक्यातून. सगळंच काढा."

सगळं काढणं सोपं होतं. गंमत केली, असं काही होत नसतं, एवढं म्हटलं की पिन खाली पडली असती. मास्तर गुडघे धरत धरत जमिनीवर बसले. त्यामुळे त्यांचं तोंड मुलीच्या तोंडाखाली आलं.

"मी तुला चुकीचा शब्द सांगितला," ते म्हणाले. "आई झोपलेली नाही. आई मेली आहे."

क्रेनवाला कोपरावर उठला. त्या खोलीत तो शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता.

"मेलेलं म्हणजे?" भिंगरीने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. श्वास थांबतो. अंग गार पडतं. दुखत नाही, खुपत नाही. तू हाक मारलीस तरी ऐकू जात नाही, बाबांनी मारली तरी नाही, मी मारली तरी नाही.

"मग येशूची?"

"त्याची ऐकू जाईल, असा माझा विश्वास आहे. तो स्वतः मेला होता. खराखुरा, श्वास थांबून. तिसऱ्या दिवशी उठला. मेलेलं असणं म्हणजे काय, ते त्याला आतून माहीत आहे. म्हणून त्याची हाक तिथवर पोचते."

"कधी मारेल?"

"ते मला ठाऊक नाही."

"उद्या?"

"ठाऊक नाही, बाळ. माझा भाऊ गेला तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. तेव्हापासून मीही थांबलोय."

तिने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. किती थांबले असतील याचा हिशेब चालला होता. आधार मिळाला की धसका बसला, चेहऱ्यावरून कळेना.

"आता हात इथे ठेव," मास्तर म्हणाले, आणि तिचा तळवा बापाच्या छातीवर टेकवला. वर येतं, खाली जातं. ऊब लागते. झोप ती ही. झोपेतून आपण मारलेल्या हाकेनेच माणूस उठतं, त्याला दुसरं कुणी लागत नाही.

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत क्रेनवाल्याचे डोळे मिटले होते. भिंगरीचा पिन धरलेला हात उचलला गेला, हवेत राहिला, मग तिने ती बंद करून फ्रॉकला लावली. मास्तरांना मात्र दिली नाही.

"श्वास मध्येच थांबतो," ती कुजबुजली.

"थांबतो, आणि परत येतो. मोज."

तिने सतरापर्यंत मोजलं. अठराव्याला तिचं डोकं बापाच्या दंडावर कलंडलं. बारा दिवस तीही धड झोपली नव्हती, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्या अंधाऱ्या खोलीत जागे मास्तर एकटेच. घड्याळाची टिकटिक, आणि लांबून यार्डातल्या साखळ्यांचा खडखडाट. क्रेनवाल्याचा श्वास खरोखरच मध्ये अडत होता. घशात घरघर व्हायची, मग काहीच नाही. मास्तर आपलाही श्वास धरून बसत. एकदा हे 'काहीच नाही' फार लांबलं. त्यांचा हात नकळत त्याच्या खांद्याकडे गेला. एकच धक्का, खात्रीपुरता. बोटं शर्टाला लागली तेव्हा कुठे खालून घरघर परत सुरू झाली.

त्यांनी हात मागे घेतला. मुलीने बारा दिवस या स्टुलावर काय काढलं, ते त्यांना आत्ता उमगत होतं. "प्रभू," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं सगळं त्यांनी मनात चाचपून पाहिलं, आणि शेवटी नुसतेच बसून राहिले.

पाचला त्यांनी मुलीला हाक मारली. भिंगरी धडपडून उठली, आधी बापाच्या छातीवर हात ठेवला, मग तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"बाबा."

तो हलला नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तिला पुन्हा म्हणायला खुणावलं.

"बाबा, पाच वाजले."

यार्डाचा भोंगा वाजायला लागला. तो संपत आला तेव्हा कुठे क्रेनवाल्याच्या पापण्या हलल्या.

"ऐकू आलं," तो डोळे न उघडता म्हणाला. "पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं."