तोंड असलेलं चाक

मारेगावात तेव्हा मोटारी दुरुस्त करणारा एकच माणूस होता, मन्सूर. वणीच्या रस्त्याला चिंचेखाली ताडपत्री टाकून तो बसायचा. गाडी वळणावर दिसायच्या आधीच ती कोणाची हे तो आवाजावरून सांगायचा. त्यात मोठेपणा फारसा नव्हता, कारण तालुक्यात गाड्याच बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली त्याची लाडकी म्हणजे रामधनची लॉरी.

लॉरी लष्कराच्या लिलावातली. गावापासून दोन कोसांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात आलेली ही पहिली मोटार. रामधनच्या पणज्याने बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख पालथा घातला, बापाने, हरिसिंगने, बैलगाड्या हाकल्या, आणि आता तांड्याचा कापूस रामधन मोटारीने वणीच्या जिनिंगला नेत होता. ती पहिल्यांदा तांड्यात शिरली तेव्हा बायांनी तिला ओवाळलं होतं आणि मन्सूरला शेजारी बसवून गूळ भरवला होता.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर ती बिघडली. ब्रेक दाबला की उजवीकडे ओढायची. मन्सूरने डावं पुढचं चाक उघडलं तर आतले ब्रेकचे पट्टे तेलाने भिजलेले. चाकातल्या सिलिंडरचे रबरी कप गळत असतील असं धरून त्याने यवतमाळहून नवे मागवले, पट्टे पेट्रोलने धुतले, नळीतली हवा काढली. पंधरवडाभर लॉरी सरळ थांबली, मग पुन्हा ओढायला लागली. दुसऱ्या वेळी त्याने ग्रीस अडवणारं सील बदललं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा आला तेव्हा रामधन लॉरीतून उतरला तो थेट चिंचेच्या मुळावर बसला आणि बिडी पेटवायची विसरला.

"काय झालं बे?" मन्सूरने विचारलं.

"नाल्याच्या रपट्यावर समोरून बैलबंडी आली. म्या ब्रेक मारला, अन् गाडी सरळ बंडीवरच. कशीबशी काठावर थांबवली. याडी मागं बसली होती."

रपटा म्हणजे नाल्यावरचा बसका फरशीपूल, आणि याडी म्हणजे आई, सोनीबाई. तिने उतरून एकच गोष्ट सांगितली होती, लॉरी विक. वणीचा एक कोळशाचा व्यापारी सोमवारी बघायला येणार होता.

"मन्सूरभाई, हे शेवटचं. जमत नसंल त सांग. मले राग नाही."

"राग नाही म्हणते, अन् तोंड त लिंबू चावल्यावानी करून राह्यला," मन्सूर म्हणाला. पण त्यालाही हसू आलं नाही. लॉरी गेली तर तांडा पुन्हा दुसऱ्यांच्या गाड्यांची वाट बघणार, आणि ती गेली तर त्याच्याच हातून, हे त्याला ठाऊक होतं.

दोघे खडकीच्या उतारापर्यंत जाऊन, ब्रेक मारत मारत परत आले. उतरल्याबरोबर मन्सूरने एकेका चाकाच्या ड्रमला तळवा लावला. तीन तापले होते. डावं पुढचं थंडगार. म्हणजे ते चाक कामच करत नव्हतं. उजवं एकटं धरायचं आणि गाडीला आपल्याकडे खेचायचं.

त्याने चाक उघडलं. पट्टे पुन्हा ओले. मग त्याने केबिनमधली फळी उचलून ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. डबी भरलेली होती, त्याने ठेवली होती तितकीच. सिलिंडर गळत असता तर ती उतरली असती. सील नवं होतं, कोरडं होतं. मग हे तेल आलं कुठून? त्याने बोट पट्ट्यावरून फिरवून नाकाशी नेलं, आणि उकिडवा बसूनच राहिला.

"रामधन, हे एरंडीचं तेल आहे."

"मोटारीत एरंडी? तुले काय हागवण लागली का, सगळीकडं एरंडीच दिसते?"

"तुमच्या घरी हे तेल कोण वापरते?"

रामधनची थट्टा तिथेच थांबली. "बापू," तो म्हणाला. "बंडी विकली, बैल विकले, पण वंगणाची नळी काही विकली नाही त्यानं."

मन्सूरने चाक तसंच बसवून लॉरी परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलने तांड्यात गेला. लॉरी निघायच्या बेतात होती. रामधनचा बाप हरिसिंग बाहेर आला. काखेत बांबूची नळी, हातात चिंधी बांधलेली काडी. त्याने लॉरीला हात जोडले, पटका सारखा केला आणि डाव्या पुढच्या चाकामागे आडवा झाला. चाकाच्या मागच्या पत्र्याला एक भोक होतं, आतला ब्रेक कसण्यासाठी. बाकीच्या चाकांना होतं तसं त्याचं रबरी बूच कधीच कुठेतरी पडलं होतं. म्हाताऱ्याने त्या भोकातून तेल आत सोडलं, हळू, एकही थेंब भुईवर न सांडता.

"काका, याच चाकाले काहून?" मन्सूरने जवळ बसत विचारलं.

"बाकीच्या चाकाईले तोंडच नाही," हरिसिंग म्हणाला. "पाह्यले म्या सगळे. हे एकच पिते. वंगण घातल्याबिगर आमची गाडी कधी गावाबाहेर गेली नाही, मिस्तरी. रस्त्यात चाकाची आस तापून जळाली, म्हणजे बैलाचा जीव गेला."

रामधन मागे येऊन उभा होता. "म्हणजे रपट्यावर मले अन् याडीले..." त्याचा आवाज चढला. सोनीबाई दारातून बघत होती. मन्सूरने हात वर करून त्याला थांबवलं.

"काका, बंडीच्या चाकाले फिरायसाठी तेल लागते. या चाकात थांबायची वस्तू आहे. तिले तेल लागलं का ते थांबत नाही."

हरिसिंगने नळीचं तोंड पुसलं. ती मन्सूरच्या हातात दिली. त्याने चाकाकडे पाहिलं आणि मग बायकोकडे. "तू मागं बसली होती," तो तिला म्हणाला. सोनीबाई आत गेली.

"मंग सकाळी मी काय करू?" त्याने मन्सूरला विचारलं.

मन्सूरने नळी काखेत धरली. "गाडी घरी आली का चारी चाकाईले हात लावा," तो म्हणाला. "एखादं थंड लागलं त मले निरोप धाडा. एखादं लय तापलं असंल तरी धाडा. रामधनच्या ध्यानात हे राहत नाही, तो येते अन् जेवायले बसते."

"बैलाच्या कानाले हात लावून पाहतो तसा?"

"तसाच."

भिजलेले पट्टे आता धुऊन भागणार नव्हते. तापले की आत मुरलेलं तेल पुन्हा पाझरलं असतं. मन्सूरने दोन्ही पुढच्या चाकांना नवे पट्टे तांब्याच्या रिबिटांनी ठोकले, ड्रम घासून कोरडे केले, आणि सायकलच्या ट्यूबचं बूच कापून त्या भोकात बसवलं.

सोमवारी व्यापारी यायच्या आधी सोनीबाई स्वतः लॉरीत चढली, या वेळी पुढे. रपट्याच्या उतारावर ती म्हणाली, "मार." रामधनने ब्रेक दाबला. लॉरी आपल्या जागी, नाकासमोर उभी राहिली. सोनीबाईने ओढणी सावरली. "अजून एकडाव," ती म्हणाली. तिने चार वेळा मारायला लावला.

ते परतले तेव्हा वणीचा व्यापारी खाटेवर बसून ताक पीत होता आणि तांड्यातली माणसं मन्सूरसोबत लांब उभी होती. हरिसिंग उठला. लॉरीभोवती फिरून त्याने चाकांना एकेक करून तळवा लावला. शेवटच्यापाशी तो जरा जास्त थांबला, तेव्हा मन्सूर दोन पावलं पुढे आला.

"चारी सारखे," म्हातारा म्हणाला.

सोनीबाई व्यापाऱ्याच्या भांड्यात आणखी ताक ओतत म्हणाली, "उन्हाचं आले, पिऊन जा. गाडी काही विकाची नाही."

पुढे तांड्यात आणखी गाड्या आल्या, मन्सूरच्या ताडपत्रीचं टिनाचं छप्पर झालं. नळी त्याने चिंचेच्या खोडाला टांगून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी हरिसिंग यायचा, तिच्याकडे बघायचा, परत मागायचा नाही. पण दुरुस्तीला कोणाचीही मोटार उभी असली, तर काठी बगलेत धरून आधी तिच्या चाकांना हात लावायचा, आणि मगच मन्सूरला रामराम करायचा.