रुळांपलीकडची एकतीस माणसं

रस्तेखात्याच्या दोन माणसांनी मंगळवारी हमरस्त्यावरची जुनी पाटी उपटली आणि नवी रोवली. मिल्डन, लोकसंख्या ८७. जुन्या पाटीवर ११२ होते. अर्डिस व्होनासेकने ते काम उभं राहून पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. दहा वर्षांत कोण मेलं, कोण ओमाहा शहरात गेलं, तिला सगळं पाठ होतं; गेली एकतीस वर्षं ती गावाची चिटणीस होती. पण पाटी उपटणाऱ्या पोराने शीळ घालायची काय गरज होती?

बुधवारी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराचं, पत्र आलं. हद्दीत शंभर माणसं नसलेल्या गावात यापुढे अँब्युलन्स ठेवता येणार नाही. वर्षाअखेरपर्यंत शंभर दाखवा, नाहीतर गाडी लॅनिंगला जाईल. लॅनिंग अडतीस मैलांवर. अर्डिसच्या नवऱ्याला, एमिलला, पहिला झटका आला तेव्हा ही गाडी चार मिनिटांत दारात होती, म्हणून तो पुढे सहा वर्षं जगला.

पत्र घेऊन ती तडक धान्याच्या कोठारावर गेली. गावमंडळाचा अध्यक्ष गेलन श्ट्रो सकाळी तिथेच कॉफी पीत बसायचा. दोघं एकाच शाळेत शिकलेले.

"अगं, गेली तर गेली," गेलन पत्र वाचून म्हणाला. "आपण काय रोज मरतोय?"

"तू नाही मरत. तुला गाडीत घालून न्यायला दोन पोरं आहेत, तीन गाड्या आहेत. माझ्या शेजारची हेझल एकटी आहे. मी एकटी आहे."

"मग तेरा माणसं आण कुठून तरी. मक्यात उगवतात का बघ."

अर्डिसने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. गावातून पाहिलं तर रुळांपलीकडे, कोठाराच्याच बाजूला, नऊ ट्रेलर उभे होते. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी माणसं तिथे राहत. वाळत घातलेले कपडे इथून दिसत होते.

"ती काय मेंढरं आहेत?"

"ती गावात येत नाहीत."

"दोनशे पावलांवर आहेत, गेलन!"

"हद्दीत येत नाहीत म्हणतोय मी. नकाशा बघ की. चिटणीस तू आहेस ना?"

बाकावरचे दोघे हसले. अर्डिस दार आपटून निघाली.

कचेरीतल्या कपाटातून तिने नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. पूर्वेला ओढा, पश्चिमेला रूळ, मधे चार रस्ते, एवढंच मिल्डन. पण हद्दीची रेघ रुळांवर थांबत नव्हती. उत्तरेला ती रूळ ओलांडून कोठाराला वळसा घालत होती, दक्षिणेला रूळ ओलांडून दफनभूमीला. फक्त मधे, ट्रेलर होते तिथे, पोळीचा घास तोडावा तशी ती आत आली होती. म्हणजे गावचे मेलेले गावात होते आणि ही जिवंत माणसं बाहेर.

कोणी केलं हे? ती तळमळून जुने ठराव उपसत बसली. दुपारी तो सापडला. पंचवीस वर्षांपूर्वीचा, कारखाना सुरू झाला त्या वर्षीचा. 'पाणी व सांडपाण्याची जबाबदारी गावावर पडू नये म्हणून' तो तुकडा हद्दीतून वगळण्यात येत आहे. सूचक एमिल व्होनासेक. खाली चिटणीसाची सही. टपोरं, गोल, तिचं स्वतःचं अक्षर.

तिला तो दिवस आठवेना. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. इतकी माणसं गावाबाहेर टाकली, आणि नंतर घरी जाऊन बहुधा नेहमीसारखा स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, कारखान्याची पहिली पाळी सुटल्यावर, ती वही घेऊन रूळ ओलांडून गेली. पहिल्याच ट्रेलरच्या पायरीवर ओफेलिया टुम बूट काढत बसली होती. ग्वाटेमालाहून आलेली, चाळिशीची, अकरा वर्षं इथे राहणारी. पोस्टात दोघींची नजरानजर व्हायची. बोलणं हवापाण्यापुढे कधी गेलं नव्हतं.

अर्डिसने पत्राचं सांगितलं, ठरावाचं सांगितलं, स्वतःच्या सहीचंही सांगितलं. ओफेलियाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तुम्हाला आमची डोकी हवीत."

"तुम्हालाही अँब्युलन्स..."

"आम्हाला?" ओफेलिया उभी राहिली. "व्होनासेकबाई, तीन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारी. मी फोन केला. आमचा पत्ता गावाचा नाही, काउंटीच्या लांबलचक रस्त्याचा आहे. गाडी सहा मैल पलीकडे गेली, शेतातून फिरत राहिली. तुमच्या कचेरीतून आमचं दार दिसतं. दिसतं की नाही?"

"दिसतं."

"ते इथे, या पायरीवर गेले. मला गाडीचा भोंगा ऐकू येत होता, लांबून."

अर्डिस पायरीपासून एक पाऊल मागे सरली.

"आणि विहिरीचं पाणी! शेतातल्या खतामुळे ते बाळांना देऊ नका, असं काउंटी दर वर्षी कळवते. मी लॅनिंगहून कॅन भरून आणते. अकरा वर्षं! या तुम्ही, मोजा. आम्ही एकतीस आहोत. पण आधी नळ द्या. तोंडी नको, लिहून द्या. तुम्हाला लिहायला छान येतं."

ते शेवटचं वाक्य अर्डिसच्या काळजात रुतलं. तिने वही बंद केली. परतताना ती रागाने झपाझप चालत होती. पण गेलनवर, एमिलवर की स्वतःवर, हे तिला धड सांगता आलं नसतं. दफनभूमीवरून जाताना ती एमिलच्या दगडापाशी थांबलीसुद्धा नाही.

गावमंडळाची बैठक चर्चच्या तळघरात भरली. पाच सभासद, आणि समोर कधी नव्हे ती गर्दी. ट्रेलरमधली सातआठ माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या रिकाम्या असूनही त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. अर्डिसने ठराव वाचला: तो तुकडा हद्दीत घ्यावा आणि येत्या उन्हाळ्याआधी तिथे पाण्याची वाहिनी टाकावी.

"हद्दीचं मी समजू शकतो," गेलन म्हणाला. "पण पाणी? आधी येऊ देत, राहू देत, मग बघू."

"पंचवीस वर्षं राहतायत."

"तू मध्ये बोलू नकोस, अर्डिस. तुझं काम लिहायचं."

"मी लिहिलं होतं ना एकदा! तुम्ही सांगितलंत आणि मी मान खाली घालून लिहिलं. एमिलने सुचवलं, तुझ्या बापाने अनुमोदन दिलं. माणसं बाहेर काढली, आणि आता गाव छोटं झालं म्हणून छाती बडवता? लाज वाटते मला. तुला नाही वाटत?"

"तोंड सांभाळ!"

"सत्तरी उलटली माझी. आता काय सांभाळू?"

खोलीत गलका झाला. मग मंडळातला ड्वाइट पेटर्का उठला. गॅरेजवाला, आणि पदरमोड करून अँब्युलन्स चालवणारा. सहसा बैठकीत तो तोंड उघडत नसे.

"त्या दिवशी गाडी मी चालवत होतो," तो म्हणाला. मागे उभ्या ओफेलियाकडे त्याने पाहिलं नाही. "फोनवर पत्ता सांगितला तसा गेलो. मला नाव ऐकूनच कळलं होतं कुणाकडचं आहे ते. मनात आलं होतं, रूळ ओलांडून बघावं. पण पत्ता हद्दीबाहेरचा होता, म्हणून मी बाहेर गेलो." तो खाली बसला. "माझा हात वर आहे. पाण्यासकट."

तीन विरुद्ध दोन. गेलन टोपी उचलून चालता झाला. त्याच्या मागोमाग निम्मी गर्दी गेली.

अँब्युलन्स राहिली. काउंटीने कुरकुर करत एकशे अठरा मान्य केले. पण त्या हिवाळ्यात अर्डिसला कोणी पत्ते खेळायला बोलावलं नाही. चर्चच्या जेवणात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. हेझलसुद्धा, जिच्यासाठी ती भांडली होती, पलीकडे जाऊन बसायची. गेलनने तर तिच्या नमस्काराला उत्तर देणं सोडलं. अर्डिसने बटाटे एकटीने खाल्ले आणि दर रविवारी ती पुन्हा गेली, मुद्दाम, पुढच्याच टेबलावर.

एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली तेव्हा खणायचं यंत्र आलं. अर्डिस आराखडा घेऊन चर कुठून जातोय ते बघायला उभी राहिली.

ओफेलिया बाहेर आली. "व्होनासेकबाई, बाजूला व्हा. तुम्ही माझ्या कांद्यांवर उभ्या आहात."

अर्डिस बाजूला झाली. ओफेलियाने तिच्या हातातून आराखडा घेतला, नीट पाहिला आणि यंत्रवाल्याला हाक मारली, "ए, तिकडे कुठे? अजून तीन हात उजवीकडे! दोन घरं बाहेर राहतायत."

"बरोबर आहे," अर्डिस ओरडली, "दोन राहतायत!"