कापून टाकलेले श्वास

सरका, असे जवळ येऊन बसा. एका बाईची गोष्ट सांगायची आहे. देवाने तिला गळा दिला अगदी मधाचा, आणि फुफ्फुसं देताना मात्र त्याचा हात आखडला.

ही आमची ताई त्या दिवशी काचेच्या खोलीत माईकसमोर बसून वाचत होती. ऐकायची पुस्तकं करणाऱ्याची ती छोटीशी जागा. वाचणारी ती, काचेपलीकडे बटणं दाबणारा मालक. आजवर तिने त्याच्यासाठी पाककृती वाचल्या, स्तोत्रं वाचली, वजन उतरवायचे उपाय वाचले. मध्येच दम्याचा पंप तोंडाला लावायचा, की पुढे. या वेळी जादूनगरीची कादंबरी होती, आणि तिची नायिका दमेकरी होती.

"माझ्यासारखी धापा टाकणारी राजकन्या जन्मात पहिल्यांदा भेटली हो," ताई मालकाला म्हणाली. "नाहीतर आम्ही आपलं पहिल्या पानावर खोकायचं नि तिसऱ्यावर मरायचं."

कादंबरीतल्या दगडी दाराचा मंत्र एका दमात म्हणायचा असतो. भलेभले योद्धे म्हणतात, दार धाडकन उघडतं, आतला राक्षस जागा होतो आणि त्यांना खातो. ही पोरगी मंत्र तुटत तुटत म्हणते. दार बोटभर सरकतं, मग वीतभर, मग अंगापुरतं. राक्षस घोरतच राहतो आणि ती आत शिरते.

ते पान वाचताना ताईने पंप मुद्दाम लांब ठेवला. खरी धाप लागू दिली. ओठ निळे पडले तसा मालक धावत आत आला.

"अहो, मरायचंय का इथे?"

"नाही हो. पण वाचनातली एवढी जागा... मनासारखी झाली. ही तशीच ठेवा हं, दादा."

"ठेवतो, ठेवतो. आधी पाणी प्या."

पुस्तक बाहेर आलं. घरी ताईच्या वहिनीने भांडी घासता घासता मोबाइलवर लावलं. दाराचा प्रसंग आला. ताईचाच आवाज मंत्र म्हणाला, सलग, एका दमात, कुठे साधा ओरखडा नाही. आणि लगेच तोच आवाज सांगू लागला, दार बोटभर सरकलं.

"अगंबाई, वन्सं," वहिनी मनापासून म्हणाली, "किती बऱ्या वाटताय यात!"

ताईने मालकाला फोन लावला. "माझे श्वास कुठे गेले?"

"कापले. लोक फिरताना ऐकतात हो, ताई. कानाशी कुणी आजारी बसल्यासारखं वाटतं त्यांना."

"ती आजारीच आहे."

"पुस्तकात आहे ना! कानात कशाला?"

"परत जोडा."

"टाकून दिले. असलं कुणी जपून ठेवतं का?" मग त्याचा स्वर मऊ झाला. "रागावू नका. दमदार आवाज म्हणतायत लोक. दुसरा भागही तुम्हीच वाचा. त्यात कसलंसं पाणी पिऊन ती ठणठणीत बरी होते. तुम्हालाही सोपं जाईल."

फोनवर नुसती ताईची घरघर. ती काही मालकाला कापता येत नव्हती.

"मग वाचायलाही बरी बाई बघा," ती म्हणाली.

त्याने बघितली. ताईला पुन्हा काम मिळालं नाही, आणि पुढच्या थंडीत ती गेली.

कुणी बोलता बोलता मध्येच थांबलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. घेऊ द्या त्याला श्वास. आणि तेवढ्या वेळात आमच्या ताईची आठवण काढा.